प्रश्न गावाचा, अभ्यास आपला

बीदर आणि कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) जिल्ह्यांत उच्चशिक्षणाची जेवढी सोय आज आहे, तेवढी आधीच्या कुठल्याही पिढीला मिळाली नव्हती. गुलबर्गा विद्यापीठ १९८० साली स्थापन झाले. २००९ साली कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ आले आणि त्याचे आवार आळंद तालुक्यात कडगंचीला उभे राहिले. बीदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे; जिल्ह्याचे स्वतःचे विद्यापीठही आता सुरू झाले आहे. संविधानातील ३७१(जे) या कलमामुळे २०१३ पासून या भागातील शिक्षणसंस्थांत स्थानिक विद्यार्थ्यांसाठी मोठ्या प्रमाणावर जागा राखून ठेवल्या जातात. औराद, कमलनगर, भालकी, हुलसूर, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतली मराठी मुले याखेरीज उदगीर, लातूर, उमरगा, सोलापूर आणि हैदराबादलाही शिकायला जातात. ज्या घरांत आजोबांना कागदावर अंगठा उठवावा लागे, त्या घरांत आज एम.ए., एम.एस्सी. झालेली नातवंडे आहेत.

याच जिल्ह्यांचे दुसरे आकडेही डोळ्यांसमोर ठेवले पाहिजेत. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकाची साक्षरता ७५.३६ टक्के होती, बीदरची ७०.५१ आणि गुलबर्ग्याची ६४.८५. प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडणाऱ्या डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ साली जे ३९ तालुके सर्वाधिक मागास ठरवले, त्यांतले २१ एकट्या गुलबर्गा विभागातले होते. पाऊस चुकला की तूर, उडीद, सोयाबीन हातची जाते आणि माणसे हैदराबाद, पुणे, मुंबईची वाट धरतात. पदव्या वाढल्या आणि गावाचे प्रश्न मात्र फारसे हलले नाहीत, हे या भागात राहणाऱ्या कुणालाही दिसते. या दोन गोष्टींची गाठ घालता येईल का, आणि कशी, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याची ओळख करून देताना माझे म्हणणे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. पदव्युत्तर शिक्षण माणसाला तीन गोष्टी देते: प्रश्न नेमका मांडणे, पुरावा गोळा करणे आणि स्वतःच्या समजुतीवर शंका घेणे. ही शिस्त गावाच्या स्वतःच्या प्रश्नाला लावली आणि निर्णय गावाच्या हाती राहू दिला, तर होणारा बदल टिकतो. यातले एकही अंग गळाले की प्रबंध कपाटात जातो आणि गाव जिथल्या तिथे राहते.

विद्या या प्रदेशाला नवी नाही. हिंदू कायद्याचा आधार ठरलेली ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणी चालुक्यांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात लिहिली. त्यानंतर काही दशकांतच त्याच कल्याणात बसवेश्वर, अल्लमप्रभू आणि त्यांच्याभोवती जमलेल्या शरणांनी अनुभव मंटपाची परंपरा घडवली. तिथे चांभार, परीट, नावाडी, दोरखंड वळणारे, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आपल्या रोजच्या कन्नडमध्ये विचार मांडत होत्या. पुढे १४७२ साली महमूद गवानने बीदरला मदरसा बांधला, तिथे दूरदूरचे विद्वान आले. राजसभेतली विद्या आणि कष्टकऱ्यांच्या बोलीतली विद्या अशा दोन्ही परंपरा याच मातीतल्या आहेत. आजच्या विद्यापीठांनी पहिलीचा वारसा आपोआप घेतला. दुसरीचा वारसा प्रयत्नाने घ्यावा लागतो.

आधुनिक काळात या दोहोंना एकत्र आणणारा सर्वांत मोठा माणूस म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. म्हणजे तेही मराठी-कन्नड सीमेवरचेच. पुण्याच्या टिळक विद्यापीठातून त्यांनी एम.ए. केले आणि प्रबंधासाठी विषय निवडला लोकशाहीच्या विकासाचा. त्यानंतर कामगार नेते ना. म. जोशी यांच्याकडे त्यांनी चिटणीस म्हणून काम केले. कामगारांचे कायदे, संघटना, विधिमंडळातली मांडणी हे सगळे त्यांनी जवळून पाहिले. अशा शिक्षणावर आणि अनुभवावर दिल्ली-मुंबईत आयुष्य नीट गेले असते. पण १९२९ साली ते निजामाच्या राज्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. पुढे अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत गेले.

लोकशाहीवर प्रबंध लिहिणारा माणूस निजामाच्या राज्यात शाळामास्तर होतो, याचा अर्थ समजण्यासाठी त्या राज्याची स्थिती आठवावी लागते. प्रजा मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी. उच्चशिक्षणाचे माध्यम उर्दू. दहातले नऊ जण निरक्षर. ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानामुळे परवानगीवाचून सभा घेण्याची सोय नव्हती. अशा राज्यात खासगी शाळा हीच माणसांना एकत्र बसून विचार करण्याची जागा होती. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय १९०७ पासून हेच काम करीत होते. भालकीला डॉ. चन्नबसव पट्टदेवरू यांनी बाहेर उर्दूची पाटी लावून आत मुलांना कन्नड शिकवले, ही आठवण बीदर जिल्ह्यात आजही सांगितली जाते. स्वामीजींनी शाळेतून विद्यार्थी घडवले. त्या विद्यार्थ्यांच्या घरांतून त्यांची गावांशी ओळख झाली, आणि त्या ओळखीतून १९३८ चा सत्याग्रह उभा राहिला. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. त्या बंदीविरुद्ध तुरुंगात गेलेल्यांत वकील होते, मास्तर होते आणि शेतकरीही होते. दहा वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला, निजामी राजवट संपली. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत गुलबर्ग्याच्या मतदारांनी स्वामीजींना लोकसभेवर पाठवले. पुस्तकात अभ्यासलेली लोकशाही ज्या प्रजेत रुजवायची, तिच्याच मतांवर ते संसदेत गेले.

स्वामीजींकडून घेण्यासारखी गोष्ट त्यांच्या त्यागाएवढीच त्यांच्या पद्धतीत आहे. आधी ते गावात राहिले, शिकवले, ऐकले. संघटना त्यानंतर आली आणि मागण्या त्याच्याही नंतर. कुळांना जमिनीचे संरक्षण मिळाले पाहिजे ही भूमिका त्यांनी घेतली, कारण कुळाचे घर त्यांनी आतून पाहिले होते. १९५० चा हैदराबादचा कुळकायदा ज्या वातावरणात आला, ते घडवण्यात अशा कार्यकर्त्यांचा वाटा मोठा आहे.

याच प्रदेशाच्या इतिहासात दुसरे एक नाव आहे, आणि ते मराठी वाचकाला कमी परिचित आहे. बी. श्यामसुंदर हे १९०८ साली औरंगाबाद जिल्ह्यात एका दलित कुटुंबात जन्मले आणि उस्मानिया विद्यापीठात शिकून पदवीधर झाले. दलित विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी निजाम सरकारने जो एक कोटी रुपयांचा निधी ठेवला, त्यामागच्या मागणीत बी. एस. व्यंकटराव यांच्या बरोबरीने तेही होते. हैदराबादच्या विलीनीकरणाच्या प्रश्नावर ते स्वामीजींच्या विरुद्ध बाजूला होते, आणि ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. विलीनीकरणानंतर भालकीच्या मतदारांनी त्यांना म्हैसूरच्या विधानसभेत पाठवले. १९६८ साली त्यांनी गुलबर्ग्यात भीमसेना स्थापन केली. दोघांचे राजकारण वेगळे, समाज वेगळे. पण दोघांनीही आपले शिक्षण ज्यांच्यात वाढले त्यांच्या कामी लावले. तरुण वाचकाने हे दोन्ही धडे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. गाव म्हणजे एकजिनसी समूह नसतो. ‘समाजासाठी काम’ म्हणताना त्यातला कोणता समाज, वाड्यातला की वस्तीवरचा की तांड्यावरचा, हे आधी विचारावे लागते.

पदवीधरांनी एकत्र येऊन काय करावे, याचेही एक उदाहरण जुन्या हैदराबादने घालून दिले आहे. १९३८ साली उस्मानियाच्या पदवीधरांना राज्याची आर्थिक पाहणी करायची होती. त्यासाठी पैसा हवा म्हणून त्यांनी एक औद्योगिक प्रदर्शन भरवले. तेच पुढे ‘नुमाइश’ म्हणून हैदराबादचा दरवर्षीचा सोहळा झाले. आज तिथे खरेदीला जाणाऱ्या बीदरच्या माणसाला तिचा उगम एका अभ्यासाच्या गरजेत आहे, हे ठाऊक असावे.

महाराष्ट्रातही या वाटेने गेलेली माणसे आहेत. धनंजयराव गाडगीळ यांनी केंब्रिजला भारताच्या औद्योगिक विकासावर प्रबंध लिहिला. तो १९२४ साली पुस्तकरूपाने आला. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि लोणीच्या शेतकऱ्यांबरोबर प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले आणि त्याचे अध्यक्ष झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९८० च्या दशकात ते गडचिरोलीला गेले. आदिवासींना कसे रुग्णालय हवे आहे हे त्यांनी आधी विचारले. म्हणून शोधग्राम या त्यांच्या केंद्रातल्या रुग्णालयाला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले आणि त्याची रचना झोपड्यांच्या वस्तीसारखी झाली. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिल्यावर त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. गडचिरोलीही सीमेवरचाच जिल्हा आहे. तिथे जे जमले ते औरादला किंवा आळंदला जमू नये, असे कोणतेही कारण मला दिसत नाही.

आता बीदर-कलबुर्गीच्याच शेतात आणि जमिनीखाली घडलेल्या दोन गोष्टी सांगतो. पहिली तुरीची. कलबुर्गी हे तुरीचे कोठार. तिथल्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या तुरीचा जुना शत्रू म्हणजे मर रोग. उभे झाड फुलोऱ्यात वाळून जाते, कारण बुरशी मुळातून खोडात शिरलेली असते. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत शास्त्रज्ञांनी गावरान तुरीच्या वाणांतून मर सहन करणारा वाण निवडून काढला. १९८६ साली तो ‘मारुती’ या नावाने कर्नाटकात प्रसारित झाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर कर्नाटकातील तुरीच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रावर तो पोचला होता. ज्याच्या शेतात झाड उभे राहिले, त्याच्याकडून शेजाऱ्याने बियाणे नेले, आणि प्रसाराचे मोठे काम असे शेतकऱ्यांनीच केले. प्रयोगशाळेने शेतकऱ्याचेच बियाणे पारखून त्याच्याकडे परत दिले होते, म्हणून त्याला ते परके वाटले नाही.

दुसरी गोष्ट बीदरच्या पाण्याची. बहामनी काळात इराणी पद्धतीने खोदलेली भुयारी पाण्याची वाट, म्हणजे कारेझ, बीदरला नौबाद, शुक्लतीर्थ आणि जमना मोरी येथे आहे. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे. पाऊस त्यात मुरतो आणि खालच्या काळ्या बेसॉल्टवर अडतो. ते पाणी उताराने गावाकडे आणण्यासाठी भुयार आणि त्यावर ठरावीक अंतराने हवेचे कूप खोदलेले होते. शतकांच्या गाळाने ते बुजले आणि विस्मरणात गेले. केरळातील चित्तूरच्या महाविद्यालयात भूगोल शिकवणारे व्ही. गोविंदनकुट्टी यांनी नकाशे आणि भूशास्त्र यांच्या आधारे त्याचा माग काढला. त्यांच्याबरोबर बीदरचे वारसाप्रेमी तरुण उभे राहिले, जिल्हा प्रशासन आले, मजूर भुयारात उतरले, आणि २०१५ च्या सुमारास नौबादच्या कारेझमधला गाळ निघाला. पुढच्या दुष्काळात तत्कालीन जिल्हाधिकारी अनुराग तिवारी यांनी जुन्या विहिरी आणि तलाव साफ करण्याची मोहीम घेतली, तेव्हा जुनी पाणीव्यवस्था हा जिल्ह्यात चर्चेचा विषय झालेला होता. इथे संशोधक बाहेरचा होता. पण नौबादच्या माणसांनी ते भुयार आपले मानले नसते, तर गाळ पुन्हा भरायला फार वेळ लागला नसता.

असे विषय या दोन जिल्ह्यांत जागोजागी पडले आहेत. देवणी गाय ही उदगीर-देवणीपासून बीदरपर्यंतच्या पट्ट्यातली जात. वानेरा, बालंक्या, शेवरा ही तिच्या रंगांवरून पडलेली नावे आपल्या पशुपालकांनीच ठेवलेली आहेत. बीदर जिल्ह्यात तिच्यासाठी संशोधन केंद्र आहे. पशुविज्ञानाच्या विद्यार्थ्याने वळू निवडण्याची गावातली पारख नोंदवून ती विज्ञानाशी ताडून पाहिली, तर दोघांनाही काही मिळेल. बीदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने १९९० च्या दशकात गावोगावच्या सहकारी सोसायट्यांमार्फत बायकांचे बचत गट बँकेशी जोडले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला याहून मोठी प्रयोगशाळा कुठे मिळणार? कर्ज कुणाच्या नावावर निघाले आणि ते कुणाच्या हातात गेले, एवढा एकच प्रश्न चार गावांत प्रामाणिकपणे विचारला तरी एक प्रबंध होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या बायकांना स्वतःचा हिशेब समोर दिसतो.

या कामासाठी सीमाभागातल्या मुलामुलींकडे एक भांडवल आहे, आणि त्यांना त्याची किंमत कळलेली नाही. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि हैदराबादला तेलुगू अशा तीन-चार भाषांत त्यांचा दिवस जातो. हे आपले ओझे आहे असे त्यांना शाळेपासून सांगितले गेले. प्रत्यक्षात ज्याला पहाणीचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, कन्नड कागद वाचता येतो, त्यातली चूक आजीला मराठीत समजावता येते आणि तिच्या वतीने तहसीलदाराकडे कन्नडमध्ये अर्ज लिहिता येतो, त्याच्यासारखा अभ्यासक बंगळूर-पुण्याहून आणता येणार नाही. म्हणून मराठी विद्यार्थ्याने कन्नड नीट, लिहिण्याबोलण्याइतकी शिकावी. नोकरीसाठी ती लागतेच; गावाची कामे करण्यासाठी अधिक लागते. आणि मराठी मुळीच सोडू नये, कारण लोक आपले दुःख आपल्याच भाषेत खरे सांगतात. मराठी राखणे आणि कन्नड आपलीशी करणे यांत विरोध नाही, हे हुमनाबादच्या माणिकप्रभूंच्या संस्थानाने या भागाला दीडशे वर्षांहून अधिक काळ दाखवले आहे.

काम कसे करावे याबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. विषय ठरवण्याआधी ग्रामसभेला बसावे, बचत गटाच्या बैठकीला बसावे, तांड्यावर जावे आणि लोक काय बोलतात ते लिहून घ्यावे. प्रश्नावली नंतर. जी माहिती गोळा केली ती लोकांसमोर वाचून दाखवावी. चुकीची असेल तर ते तिथेच सांगतील. निष्कर्ष दोन पानांत, मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ग्रामपंचायतीत आणि तिथल्या अरिवु केंद्रात, म्हणजे गावाच्या वाचनालयात ठेवावेत. पुढे काय करायचे ते गावाने ठरवावे. आपण पर्याय, त्यांचा खर्च आणि धोके मांडावेत. कर्नाटकात पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. शिकलेल्या सुना आणि लेकी या कामात पुढे आल्या तर निवडून आलेल्या सदस्य बाईला कागद वाचायला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. यातूनच नेतृत्व तयार होते. जो अभ्यासक आपल्यावाचून चालेल अशी व्यवस्था मागे ठेवतो, त्याचेच नेतृत्व खरे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून ही प्रस्तावना पुरी होणार नाही. गरीब घरातल्या पदवीधराकडून आपण फुकट त्यागाची अपेक्षा धरतो, हे बरोबर नाही. त्याच्या शिक्षणासाठी बापाने शेत गहाण टाकलेले असते, बहिणीचे लग्न लांबलेले असते. त्याला पगार हवा आणि तो मागण्याचा त्याला अधिकार आहे. म्हणून जबाबदारी विद्यापीठांवर, सहकारी संस्थांवर, कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळावर आणि गावातून बाहेर जाऊन सुस्थितीत आलेल्या आपल्यासारख्यांवरही येते. गावच्या प्रश्नावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला पाठ्यवृत्ती मिळावी, मार्गदर्शक प्राध्यापकाला त्या गावी जाण्याचा वेळ आणि खर्च मिळावा, आणि चांगल्या प्रबंधाची छापील प्रत संबंधित ग्रामपंचायतीला देणे सक्तीचे व्हावे. या मागण्या फार मोठ्या नाहीत. विद्यापीठांनी मनावर घेतले तर येत्या शैक्षणिक वर्षापासून त्या अमलात येऊ शकतात.

वाचकाला, विशेषतः या दोन जिल्ह्यांतून एम.ए., एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणाऱ्या तरुण वाचकाला, माझी विनंती एवढीच आहे. हे पुस्तक वाचताना आपले गाव मनात ठेवा. प्रबंधाचा विषय अजून ठरला नसेल, तर नोंदणीच्या अर्जावर तो लिहिण्याआधी एकदा गावी जा आणि पाण्याचे, पिकाचे, कर्जाचे, शाळेचे, दवाखान्याचे काय चालले आहे ते तिथल्या माणसांना विचारा. विषय तुम्हाला तिथेच मिळेल. आणि प्रबंध पुरा झाला की त्याचे उत्तर सर्वांत आधी त्याच माणसांना सांगा.